शाळा न बघताच आठवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा धाकटा मुलगा यंदा हायस्कूलला गेला, असं मी पैपाहुण्यांना सांगते. गेला म्हणजे नाव घातलं, एवढंच. जूनमध्ये त्याचे बाबा एकटेच दाखला देऊन आले, मुलांना आणू नका असा निरोप होता. पुढे पुस्तकं आणायलाही तेच गेले. आज 2020 च्या नोव्हेंबरची 5 तारीख. मुलाने अजून त्या शाळेचं फाटक ओलांडलेलं नाही.

आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. गावातली सरकारी मराठी शाळा सातवीपर्यंत. त्याच्यापुढे पाच किलोमीटरवरचं हायस्कूल. सातवीत त्याच्या वर्गात नऊ मुलं होती आणि गुरुजींना आमच्या म्हशीचंसुद्धा नाव ठाऊक होतं. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाली ती झालीच. परीक्षा नाही, निरोप समारंभ नाही. त्या नऊ जणांतला एक म्हणून तो शेवटचा घरी आला आणि आता आठवीच्या ग्रुपवरच्या 58 नंबरांतला एक झाला.

मी घरी शिवणकाम करते. हायस्कूलचा गणवेश म्हणजे फुल पॅन्ट, आणि त्याची ही पहिलीच. जूनमध्येच शिवून ठेवली. या वयातली मुलं उसासारखी वाढतात म्हणून पायाला चांगली दोन इंच माया सोडली. इस्त्री करून खुंटीला लावली. गणपतीत सहज घालून बघ म्हटलं तर घोटे उघडे! एक इंच खाली सोडला. दसऱ्याला उरलेला इंचही सोडला. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवते, पण एकदाही अंगावर न चढता आखूड झालेली पॅन्ट मी पहिल्यांदाच बघितली.

ऑनलाइन वर्गाचं सांगायचं तर आमच्या घराला रेंज नाही. तिठ्यावरच्या बसथांब्यात मिळते, म्हणून आमचं हायस्कूल तिथे भरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाऊस कसा असतो ते कणकुंबी-जांबोटीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. एकदा मी छत्री घेऊन बघायला गेले. सात मुलं पाय वर घेऊन बाकड्यावर बसलेली, खालून पाणी वाहतंय, मोबाइल मेणकापडाच्या पिशवीत. चित्र अडकत होतं म्हणून नुसता आवाज ऐकत होती. सर विचारत होते, "कळलं का?" इकडून कोणी बोलेना, कारण बोललं की आवाज तुटतो. मग सरच म्हणाले, "बरं, पुढे जाऊ." मला सरांचा राग नाही आला. त्यांना तरी समोर काय दिसत असणार? नावं लिहिलेले गोल.

आणि त्या गोलांतलं नावही आमच्या पोराचं नव्हतं. अर्जावर नवऱ्याचा नंबर दिलेला, त्यामुळे सर दोन महिने मुलाला त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारत होते आणि हा लाजून "हो सर" म्हणत होता. फोटोत मिशीवाला माणूस बघून त्यांना शंका कशी आली नाही, हे आम्ही अजून हसत हसत बोलतो. पण पुढचं हसण्यासारखं नाही. नवरा म्हापशाला बेकरीत कामाला. लॉकडाऊनमध्ये घरी होते. सप्टेंबरमध्ये गोव्याची हद्द खुली झाली तसे परत गेले, आणि फोन त्यांच्याबरोबर गेला. मी मास्क शिवून जमवलेल्या पैशातून खानापुरात साडेपाच हजारांचा जुना फोन घेतला, वर 599 चा 84 दिवसांचा रिचार्ज मारला. पण ग्रुपवर नंबर बदलायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत आठवीचा अभ्यास आधी म्हापशाच्या बेकरीत जायचा आणि भट्टीचं काम आटोपलं की रात्री अकराला आमच्याकडे यायचा. तेव्हा पोरगं झोपलेलं असे.

आता मुख्य दुखणं सांगते. 20 जुलैपासून कर्नाटकच्या दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर आठवी ते दहावीचे धडे सुरू झाले. रेंज नसलेल्यांना टीव्ही तरी आहे, म्हणून मला बरं वाटलं. पण आमच्या घरात जे धडे लागले ते सगळे कन्नडमधून. मुलगा कन्नड विषय शिकलाय, त्याला वाचता येतं. मीही खानापूरच्या बाजारात कन्नडच बोलते. एष्टू, बेडा, स्वल्प कम्मी माडरी (किती, नको, थोडं कमी करा), एवढ्यावर कापड घेता येतं. गणित घेता येत नाही. टीव्हीवर 'भागलब्ध संख्ये' म्हणत होते. मी म्हटलं भागाकार असेल, आणि त्याने दोन दिवस भागाकार केले. मोठ्या मुलीने पुस्तक काढून दाखवलं तेव्हा कळलं, आमच्या मराठी पुस्तकातल्या परिमेय संख्या त्या ह्याच. विज्ञानात आमची पेशी तिकडे 'जीवकोश' होऊन येते. दोन दिवसांनी कळतं की धडा आपलाच होता, तोवर टीव्हीवरचा पाठ पुढे गेलेला असतो.

त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर मराठीतून पाठ सुरू झाले, आठवीपर्यंतचे. डिशवर आम्हाला सह्याद्री दिसतं. पोरगं मांडी घालून बसायचं, शब्दन् शब्द कळायचा, मध्येच उत्तरही द्यायचं. पण ते महाराष्ट्राच्या पुस्तकातलं. कर्नाटकचं मराठी माध्यमाचं पुस्तक वेगळं, धड्यांचा क्रम वेगळा. मला म्हणाला, "आई, समजालंय सगळं, पण पुस्तकात न्हाई." मी काय उत्तर देणार? सप्टेंबरात तेही पाठ संपले. चंदनावर पुस्तक आमचं आहे आणि सह्याद्रीवर भाषा आमची होती. दोन्ही एका ठिकाणी मिळेल असं चॅनल मला रिमोटवर सापडलं नाही. परवाच 1 नोव्हेंबर झाला, कर्नाटकचा राज्योत्सव आणि आमच्याकडचा काळा दिवस. त्या दिवशी आमच्या भाषेची आठवण सगळ्याच पुढाऱ्यांना येते, 2 तारखेला आठवीच्या पोराने गणित कुठल्या वाहिनीवर बघायचं हे मात्र एकालाही सांगता येत नाही.

मध्यंतरी सरकारचं विद्यागम सुरू झालं होतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, ज्यांच्याकडे साधा फोन आहे, ज्यांच्याकडे काहीच नाही अशी मुलांची विभागणी करून शिक्षक गावोगाव येऊ लागले. आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात बसायचे. गणिताचे सर पाच वेळा आले. पहिल्यांदा आले तेव्हा मुलगा एक तास आधीच जाऊन बसला होता. सरांच्या तोंडाला मास्क, याच्या तोंडाला मास्क, तरी घरी येऊन म्हणाला, "सर लई उंच आहेत." तीन महिने ज्यांच्याकडे शिकला ते केवढे आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं. सरांनी वहीत लाल शाईने सही केली होती. फोनवर अंगठा यायचा, ही सही. ते पान त्याने आजीला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं. मग ऑक्टोबरमध्ये मुलांना आणि शिक्षकांना लागण होतेय म्हणून विद्यागम थांबवलं, 12 ते 30 सुट्टी दिली. तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. कुणाच्या पोराला काही झालं असतं तर आम्हीच ओरडलो असतो. पण सुट्टी संपून आठवडा होत आला, पुढे काय ते कुणी सांगत नाही. पदवी कॉलेजं 17 तारखेपासून उघडणार असं वाचलं. मोठ्या मुलांचं ठरतं, लहानांचं मागे राहतं.

दहावीच्या मुलांची काळजी सगळे करतात, परीक्षा असते म्हणून. माझी मोठी मुलगी यंदाच एसएसएलसी झाली. 25 जूनला पेपर सुरू झाले तेव्हा केवढा बंदोबस्त! तिच्यासाठी मी तीन मास्क शिवले होते. ती आता पीयूसीला (म्हणजे अकरावीला) आहे आणि भावाला तीच शिकवते. तिला निदान शाळा म्हणजे काय ते माहीत आहे. आठवीवाल्याला कुणाला शंका विचारायची, कुठल्या बाकावर बसायचं, कुणाशी भांडायचं काही माहीत नाही. आमच्याकडे मुलं गळतात ती याच वळणावर. सातवीची शाळा दारात असते, आठवीची लांब. जायची सवय लागायच्या आधीच मोडली तर संपलं. आमच्याच गल्लीतला नववीचा एक मुलगा दसऱ्यापासून गवंड्याच्या हाताखाली जातोय, संध्याकाळी पैसे मोजतो आणि आमचा ते बघतो. आता भाताची सुगी आहे म्हणून सगळीच पोरं शेतात दिसतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतील, तेव्हा कोण कुठे दिसेल याची मला धास्ती आहे. जूनमध्ये हा रोज विचारायचा, शाळा कधी सुरू होणार. गणपतीनंतर विचारायचा बंद झाला. मला त्याच्या विचारण्याचा कंटाळा आला होता, आता वाटतं एकदा तरी विचारावं.

सायकलीचंही तेच. आठवीला सरकार सायकल देत आलंय. मोठीला मिळाली तेव्हा हा तिच्यामागे धावत तिठ्यापर्यंत गेला होता आणि तेव्हापासून स्वतःच्या सायकलीची वाट बघतोय. यंदा तिचा पत्ता नाही. शाळाच नाही तर सायकल कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, दिली असती तर शाळा आहे एवढं तरी पोराला वाटलं असतं.

शाळा उघडाच असा माझा हट्ट नाही. ते डॉक्टर लोकांनी ठरवावं. पण आठवीला नव्याने आलेल्या मुलांना आठवड्यातून एकदा दहा-दहा जणांच्या तुकडीने शाळेच्या पटांगणात तासभर बोलवता येणार नाही का? शिकवू नका हवं तर. वर्ग कुठला, सर कोण, मुतारी कुठे, एवढं दाखवा. मराठी माध्यमाचे धडे चंदनावर बसत नसतील तर आकाशवाणी धारवाडवरून अर्धा तास द्या, रेडिओला रेंज लागत नाही. आणि ते मोबाइलवरचे अभ्यासाचे फोटो पुरे झाले. छापील कागद पाठवा. दुधाची गाडी रोज सकाळी हायस्कूलच्या दारावरून आमच्या गावात येते, ड्रायव्हर आणायला तयार आहे, मी स्वतः विचारलंय. सोडवलेले कागद दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने परत जातील. त्यावर सरांनी लाल शाईने सही केली की झालं.

आपल्या दैनिकातून हे शिक्षण खात्याच्या कानावर गेलं तर बरं होईल. शाळा सुरू करायचं ठरलं तर कृपा करून आठवडाभर आधी जाहीर करा. पॅन्टीला आता माया उरलेली नाही. नवीन शिवावी लागेल, आणि दिवाळीच्या कामात मला चार दिवस तरी लागतील.

आपली नम्र,
एक पालक
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव

(मुलगा त्याच शाळेत शिकणार आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)