साहेब-मॅडमच्या ड्रायव्हिंगबद्दल

धरमपेठ, नागपूर
2 जून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मिशनचे साहेब-मॅडम अमेरिकेतून येणार, दोघांची साठी उलटलेली, तिकडे चाळीस-चाळीस वर्षं गाडी चालवलेली, आणि त्यांना नागपुरात स्टेअरिंगवर बसवायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. 'सीताबर्डीच्या गर्दीत यांचं कसं होईल?' असं तू विचारतोस. गर्दीची काळजी सोड बाप्पा. गर्दीत पुढची गाडी वाट दाखवते, मागची ढकलते आणि बाजूचा ऑटो तुला इकडचा तिकडे होऊ देत नाही. उलट्या बाजूला जायचं म्हटलं तरी जागा नसते. घात होतो तो रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, सकाळी चर्चच्या फाटकातून निघताना, दुभाजक नसलेल्या गल्लीत वळल्यावर. समोर कुणीच नसतं, हातांना जुनी सवय आठवते आणि गाडी अलगद उजव्या अंगाला लागते. समोरून टिप्पर येईपर्यंत चूक कळतही नाही.

यावर 'डावीकडे, डावीकडे' ओरडून उपयोग नाही. घाईत माणूस डावं-उजवंच विसरतो. त्यांना एवढंच सांग: ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडे, शेजारचा फुटपाथकडे. हे अमेरिकेतही असंच आहे आणि इथेही, म्हणजे नवीन काही शिकायचं नाही. शेजारी बसलेला फुटपाथच्या बाजूला नसेल तर गाडी चुकीच्या अंगाला आहे. पंप, फाटक, पार्किंग, यू-टर्न, एवढ्या ठिकाणी शेजारच्याने 'मी फुटपाथकडे' असं मोठ्याने म्हणायचं. बाकी वेळ नवरा-बायकोने एकमेकांना ड्रायव्हिंग शिकवायचं नाही, ही अट पहिल्याच दिवशी घाल.

कागदांचं थोडक्यात. इंटरनॅशनल परमिट तिकडूनच आणायचं, इथे मिळत नाही. ते एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्या पुस्तिकेला काही अर्थ नाही. दोघं काही वर्षं राहणार असतील तर इथलं लायसन्स काढलेलं बरं. घर ज्या भागात, ते आरटीओ: शहराचं एमएच-31 गिरीपेठेत, पूर्व नागपूरचं एमएच-49 वेगळं. चाळिशी ओलांडलेली असल्याने फॉर्म 1-ए, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, लागेल. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच वर्षांचंच मिळतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नये म्हणावं. डॉक्टरकडे जाण्याआधी एक काम घरीच कर. पंचवीस मीटरवर गाडी उभी करून उन्हात नंबर प्लेट वाचायला लाव, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर इथेच कळेल. मग रात्रीचं ड्रायव्हिंग पहिल्यापासून बंद, कारण आपल्याकडे समोरचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारूनच येतो.

गाडी ऑटोमॅटिक घ्या. गिअरवाली नको असं नाही, पण तिकडे बहुतेकांचा हात ऑटोमॅटिकवरच बसलेला असतो. पेडल दोन्हीकडे सारखेच, अ‍ॅक्सिलरेटर उजव्या पायाखाली, त्यामुळे पायांची चिंता नाही. हात मात्र बदलतो. गिअर डाव्या हाताला येतो आणि पहिला-दुसरा, जो तिकडे ड्रायव्हरच्या अंगाकडे असतो, तो इथे अंगापासून लांब जातो. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकायला गेले की परत पहिल्यात पडतो आणि गाडी हिसका देते. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक, स्वस्त असली तरी गिअर बदलताना क्षणभर थबकते, आणि चढावर ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर देईपर्यंत मागे सरकू शकते. जमलं तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी बघ, या जास्त सलग चालणाऱ्या ऑटोमॅटिकच्या जाती.

पहिला तास गाडी हलवायचीच नाही. इंजिन बंद, दोघांना आळीपाळीने बसव. बेल्ट उजव्या खांद्यावरून ओढायचा, आरसा बघायला नजर वर-डावीकडे न्यायची. इंडिकेटर आपल्या बहुतेक गाड्यांत उजव्या दांडीवर, वायपर डाव्या. तिकडे नेमकं उलट. पहिले दोन आठवडे प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरणार हे धरूनच चल. हसू नकोस, आणि त्यांनाही खाली बघू देऊ नकोस. वायपर लागला तर लागू दे, नजर रस्त्यावर, वळण पूर्ण झाल्यावर बंद. दांडी शोधण्याच्या नादात माणूस समोरच्या मोपेडला ठोकतो.

आता सगळ्यात चिवट चूक, जिच्याकडे शिकवणारेही लक्ष देत नाहीत. गाडी डावीकडे सरकते. माणूस आयुष्यभर गाडीच्या डाव्या अर्ध्यात बसलेला. लेनमध्ये स्वतःचं शरीर जिथे असायचं तिथेच तो नकळत ठेवतो. पण आता तो बसलाय उजव्या अर्ध्यात, म्हणून उरलेली सगळी गाडी डावीकडे लोंबते. डावा आरसा उभ्या ऑटोला लागतो. आपल्या सिमेंट रस्त्यांची कड कुठे कुठे वीतभर उंच राहिली आहे, बाजूला मुरूम भरलेला नाही. तिथे डावं चाक खाली उतरलं की घाबरून स्टेअरिंग एकदम उजवीकडे मारतात, चाक कडेला घासत राहतं आणि मग झटक्यात वर चढून गाडी पलीकडच्या लेनमध्ये जाते. चाक उतरलंच तर स्टेअरिंग सरळ धरून वेग कमी करायचा, थांबायचं, मागचं बघायचं आणि मग कड कमी असेल तिथून हळू चढवायची. अंदाजासाठी सोपा उपाय असा. रिकाम्या ठिकाणी डावी चाकं पांढऱ्या पट्टीपासून फूटभर अंतरावर येतील अशी गाडी तू लाव. ड्रायव्हरच्या सीटवरून ती पट्टी बॉनेटला जिथे भेटताना दिसते, साधारण काचेच्या मध्याजवळ, तिथे आतून रंगीत टेपचा बोटभर तुकडा चिकटव. दोघांची उंची वेगळी असेल तर दोन रंगांचे दोन तुकडे. महिनाभराने काढून टाक.

वळणांचं: डावं वळण इथे लहान, उजवं मोठं. तिकडे उजवं लहान असतं, म्हणून उजवीकडे वळताना ते कोपरा कापतात आणि थेट समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये शिरतात. चौकाच्या मध्यापर्यंत सरळ जायचं, मगच वळायचं. सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं आणि शिरताना मान आधी उजवीकडे. मानेची ही सवय गाडीत लागत नाही, पायी लागते. म्हणून पहिला आठवडा त्यांना तुझ्यासोबत रस्ते ओलांडायला लाव. तिकडे लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळायची बहुतेक ठिकाणी मुभा असते. तेच ते इथे डावीकडे करू पाहतील. 'फ्री लेफ्ट'ची पाटी असेल तरच, नाहीतर नाही.

आणि खाणाखुणा. समोरच्याने दिवे मारले तर तिकडे अर्थ होतो, 'तुम्ही जा'. इथे अर्थ आहे, 'मी येतोय, थांब'. या एका गोष्टीवर जीव जाऊ शकतो, हे दोनदा सांग. हॉर्न ही शिवी नाही, 'मी इथे आहे' एवढंच. साहेब-मॅडम तो ऐकून ओशाळतात, नाहीतर चिडतात. स्वतः वाजवायला तर तयारच नसतात, आणि ऑटोच्या मागे मुकाट अडकून राहतात. हायवेवर ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो वळणार असेल, ओव्हरटेक करत असेल, नाहीतर 'ये पुढे' म्हणत असेल. तिन्ही शक्य आहेत, म्हणून पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय काढायचंच नाही.

जागा ठरवताना लोक आधी विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाकडचे मोकळे रस्ते सुचवतात. तिथे ने, पण शेवटी, रिकाम्या रस्त्याची परीक्षा म्हणून. सुरुवात सिव्हिल लाइन्समध्ये कर. रुंद रस्ते, सावली, दुभाजक, आणि थोडी वाहतूक, जी बरोबर बाजूची आठवण करून देते. रविवार सकाळ उत्तम असती, पण त्यांची उपासना. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शनिवारी साडेसहा ते आठ धर. चढावासाठी सेमिनरी हिल्स. महाल-इतवारीच्या जुन्या, दाट वस्तीत महिनाभर फक्त शेजारी बसून फिरू दे, आणि मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर गाडी काढूच नका. वर्धा रोडचा उड्डाणपूल जमला की मग बाहेर. समृद्धी महामार्गावर लवकर नेऊ नकोस. सरळ रस्ता आणि ताशी 120 ची मुभा, त्यात माणूस आणि टायर दोन्ही तापतात. टायरची हवा सकाळी थंड असतानाच बघायची. आणि वेग त्यांच्या डोक्यात मैलांत असतो. 40 किलोमीटर म्हणजे 25 मैल, 80 म्हणजे 50, एवढं डॅशबोर्डवर लिहून ठेव.

पाऊस तोंडावर आलाय. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, समोरचा ट्रॅक्टर गेला तरी नाही. ट्रॅक्टर जड असतो, कार तरंगते. पटलं नाही तर हिस्लॉप कॉलेजच्या पाटीसमोर उभं कर आणि सांग की ज्यांचं हे नाव, ते स्टीफन हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळ, पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना बुडाले. तेही मिशनरीच होते.

धक्का लागला, गर्दी जमली तर वाद घालायचा नाही. 112 पोलिसांना, 108 अ‍ॅम्ब्युलन्सला, आणि तिसरा फोन तुला.

वहिनींना नमस्कार. पहिल्या शनिवारी मी ड्युअल कंट्रोलची गाडी घेऊन येतो. क्लच-ब्रेक माझ्या पायाखाली असले की तेही निवांत आणि तूही.

तुझा,
बाकावरचा जुना सोबती

ता. क. लर्निंगवर असताना लाल 'एल'ची पाटी पुढे-मागे दोन्हीकडे लागते, पांढऱ्या 18 सेंटिमीटरच्या चौकोनावर. मागची काचेला आतून चिकटवू नकोस. काळ्या काचेतून ती दिसत नाही, आणि मागच्याने हॉर्न जरा कमी वाजवावा म्हणून तर ती लावायची.