थर्माकोलचा डबा आणि आंब्याचा चीक

दादा,

तुमचा थर्माकोलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी पेट्या घेऊन रत्नागिरीला येणार आहे, तेव्हा आणून देते. पण आभार मात्र इथे चारचौघांत लिहून मानतेय. तुमच्या वाईन शॉपमध्ये ते जमलं नसतं. मागे गिऱ्हाईक खोळंबतं, आणि तिथल्या काउंटरला बाईमाणूस दोन मिनिटांच्या वर उभं राहिलं की समोरच्या रिक्षास्टँडला डोळे फुटतात.

मंगळवारी आले तेव्हा लेकीने फोनवर पाठवलेला फोटो तुम्हाला दाखवला होता. पुण्याकडच्या एका छोट्या ब्रुअरीची (बिअर बनवणाऱ्या कारखान्याची) नवीन आयपीए, म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं भरपूर घातलेली बिअर. यजमानांची पन्नाशी होती. ते वर्षातून दोनदाच बिअर पितात, एकदा शिमग्याला आणि एकदा आंबा संपला की. मी म्हटलं, दोन कॅन द्या. तुम्ही समोरच्या फ्रीजमधले दोन काढलेत, उलटे करून बुडाची तारीख वाचलीत, परत ठेवलेत आणि आतून दुसरे आणलेत. "वहिनी, ते पहिल्या खेपेचे. हे परवा आलेत. पैसे तेवढेच द्यायचे, तर जुना माल कशाला नेताय?"

दादा, मी अठरा वर्षं आंब्याच्या पेट्या भरतेय. पेटीच्या खालच्या थराला काय जातं आणि गिऱ्हाईक नवखं दिसलं की काय खपवलं जातं, ते मला सांगायला नको. म्हणून तुमचं ते कॅन उलटं करणं मी विसरणार नाही.

गेल्या वर्षीचा अनुभव तुम्हाला सांगितलाच. दुसऱ्या एका दुकानातून हिरवी बाटली आणली होती, काचेच्या कपाटात उन्हात मांडून ठेवलेली. उघडली तर मांजराने कोपरा घाण केल्यासारखा वास. यजमानांनी सरळ माडाच्या आळ्यात ओतली. आम्हाला वाटलं बिअरच तसली. तुम्ही हसला नाहीत. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर ऊन पडलं की तसलाच वास सुटतो, हिरवी काच ऊन अडवत नाही, तपकिरी बरंच अडवते आणि कॅनमध्ये तर उजेडाचा प्रश्नच नाही, हे सगळं तुम्ही एकीकडे सुट्टे पैसे मोजत सांगितलंत.

मग विचारलंत, जायचं कुठे. पावसला, स्कूटरवरून, म्हटल्यावर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. एप्रिलचं ऊन आणि डिकी! आतून हा डबा आणलात, मासळीवाल्याकडचा बर्फ भरलात. डिपॉझिट विचारलं तर म्हणालात, "वहिनी, डबा कुठे पळतोय."

तुम्ही पुण्यात ब्रुअरीत काम केलं होतंत, हे त्याच पाच मिनिटांत कळलं. हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातल्या वेलीची शंकूसारखी फुलं. ती तासभर उकळली की कडवटपणा उतरतो पण वास उडून जातो, म्हणून वासासाठी काही हॉप्स अगदी शेवटी, बिअर गार झाल्यावर घालतात. "चहात पावडर उकळायची आणि गवती चहा शेवटी टाकून झाकण ठेवायचं, तसंच." हे मला लगेच समजलं. आणि आपल्यात हापूस, पायरी, तशा हॉप्सच्या जाती कॅस्केड, सिट्रा, मोझॅक. या कॅनवर सिट्रा आणि मोझॅक लिहिलं होतं. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातला आय म्हणजे इंडिया, हे मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं. शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून ही बिअर महिनोन्‌महिने प्रवास करत मुंबईला यायची, हॉप्समुळे टिकायची. आणि आता तुम्ही सांगता, कडूपणा टिकतो हो, वास टिकत नाही, लवकर संपवा. म्हणजे अगदी हापूसच.

संध्याकाळी तुम्ही सांगितलंत तसं केलं. काचेचे ग्लास साबणाचा हात न लावता नुसत्या खायच्या सोड्याने घासले. कॅन फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवले. ग्लास तिरका धरून ओतलं. रंग गढूळ पिवळा. यजमान म्हणाले, नासली वाटतं. मी म्हटलं, नाही, ही अशीच असते, दादांनी सांगितलंय. (त्यांना वाटलं मी माझ्या भावाबद्दल बोलतेय.) पांढरा फेस बराच वेळ मोडला नाही.

पहिला वास मोसंबीच्या सालीचा. त्यामागून आणखी एक वास येत होता, ओळखीचा, पण नाव काही सुचेना. सासूबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. त्या दारूला शिवत नाहीत. त्यांनी ग्लास मागितला, नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "ह्यात आंब्याचा चीक पडलाय काय गो?"

तोच! आंबा काढल्यावर देठ मोडला की जो उग्र, हिरवा वास येतो, तोच. दोन महिने रोज माझ्या हाताला येतो, आंघोळ करूनही जात नाही, आणि मला ओळखता आला नाही! रात्री लेकीला फोन केला. ती फूड टेक्नॉलॉजी शिकतेय. म्हणाली, आई, दोन्हीत मायर्सीन नावाचं वासाचं द्रव्य असतं, हॉप्सच्या तेलातही आणि आंब्याच्या चिकातही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, बरं, लसूण आत ठेव.

चव सांगायची तर आधी किंचित गोडसर, मग फळांची, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या अंगाला कडू. कडव्या वालांची उसळ खाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. यजमानांना पहिले दोन घोट आवडले नाहीत, पण ग्लास त्यांनीच आधी संपवला. चूक माझीच झाली. तिखट बेताचं ठेवा असं तुम्ही बजावलं होतंत, मी तरी बांगडे नेहमीच्याच मसाल्यात तळले. कडवटपणाने तिखट दुप्पट लागलं आणि पन्नाशीच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या वेळी नुसतं हळद, मीठ आणि आगळ लावीन.

डबा रिकामा आणणार नाही. आमच्या बागेतले दीड डझन घालतेय, देठ मुद्दाम लांब ठेवलेत. एकाचा देठ मोडून नाकाशी धरा आणि सासूबाईंचं बरोबर की नाही ते सांगा.

तुमची,
पावसची वहिनी