तास मोजणारी वॉरंटी आणि खारा वारा : सहा जनरेटर संचांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दि. १७ जून २०२५

विषय : ५ केव्हीए पेट्रोल जनरेटरचे सहा संच. चुकीची निवड, धोकादायक जोडणी, आणि नाकारलेली वॉरंटी.

महोदय,

दापोली तालुक्यातील आमच्या वाडीत सहा घरांनी मे २०२४ मध्ये आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून एकाच मॉडेलचे सहा जनरेटर घेतले. यंदा पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच कोसळला, वीज गेली आणि सहापैकी चार संच कामाला आले नाहीत. या चार संचांचे तासमीटर ९ ते १४ तासांच्या दरम्यान आहेत. आपल्या सेवा केंद्राने चारही दावे 'देखभाल न केल्यामुळे बिघाड' असा शेरा मारून फेटाळले.

आपल्या पुस्तिकेत पहिली देखभाल २० तासांनी सांगितली आहे आणि पुढची १०० तासांनी. ज्या यंत्राचे २० तासच भरलेले नाहीत, त्याची कोणती देखभाल चुकली, हे सेवा केंद्राने लेखी सांगितलेले नाही. सांगता येणारही नाही, कारण हे संच चालून बिघडलेले नाहीत, उभे राहून बिघडले आहेत. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर वर्षभर उभ्या असलेल्या यंत्राचे काय होते, याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही.

दोन संच सुरूच होईनात. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पांढरा खरपुडा आणि जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) हिरवट थर होता. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपुढे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके जेटच्या तोंडाशी. उरलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट राळ ठेवते. उपाय दोन मिनिटांचा आहे. संच बंद करताना स्विच न दाबता फ्युएल कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप थांबू द्यायचे आणि मग वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढून टाकायचे. महिनाभर संच लागणार नसेल तर हे केलेच पाहिजे. डब्यातले पेट्रोल महिन्याभराने स्कूटरमध्ये ओतून डबा नव्याने भरायचा. पुस्तिकेत मात्र 'स्वच्छ पेट्रोल वापरा' एवढेच छापले आहे.

उरलेल्या दोन संचांचे इंजिन पहिल्या दोरीला सुरू झाले, पण व्होल्टमीटर ३ ते ५ व्होल्टच्या पुढे गेला नाही. आपल्या तंत्रज्ञाने दोन्हींचे एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) बदलले आणि त्याचे पैसे घेतले. पहिल्या संचातून काढलेला जुना एव्हीआर आम्ही त्याच मॉडेलच्या एका चालू संचात लावून पाहिला, तर तो २३० व्होल्ट देतो. म्हणजे तो सुटा भाग चांगला होता. खरे कारण वेगळे होते. फिरणाऱ्या भागात उरलेले अवशिष्ट चुंबकत्व, ज्यावर व्होल्टेज उभे राहते, ते अनेक महिने उभे राहिल्याने क्षीण झाले होते आणि स्लिप रिंगवर (फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कड्यांवर) क्षारांचा थर बसल्याने कार्बन ब्रशचा नीट स्पर्श होत नव्हता. रिंग बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करून, एव्हीआरच्या वायरी सोडवून, १२ व्होल्टच्या बॅटरीचा योग्य ध्रुवाने क्षणभर स्पर्श दिला की असा संच पुन्हा व्होल्टेज उभे करतो. हे काम ग्राहकाचे नाही, तंत्रज्ञाचे आहे. पण तंत्रज्ञाला ते यायला हवे. दुसऱ्या संचाच्या एव्हीआरचीही अशीच तपासणी करून दोन्ही बिलांची रक्कम परत करावी, ही आमची मागणी आहे.

याच दोन संचांपैकी एकावर व्होल्टेज तरीही कमी वाटले, म्हणून तंत्रज्ञाने गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग राखणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवला. हे आम्हाला गंभीर वाटते. घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते, आणि या प्रकारच्या संचात ५० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. भार नसताना ५१ ते ५२ हर्ट्झ ठीक. तो संच भार नसताना साडेचौपन्न आणि भारावर ५३ दाखवू लागला. घरातील इन्व्हर्टर अशी वीज घेत नाही, चार्जिंग सुरूच करत नाही. आणि सेंट्रिफ्युगल पंपाचा भार वेगाच्या घनाने वाढत असल्याने ५३ हर्ट्झवर तो जवळपास एक पंचमांशाने जास्त खेचतो. व्होल्टेज एव्हीआरने जुळवायचे असते, वेगाने नाही.

आता निवडीबद्दल. आपल्या माहितीपत्रकात या मॉडेलखाली 'दीड एचपी पंप, फ्रिज, पाच पंखे, टीव्ही आणि दिवे' असे चित्रासह छापले आहे. चालू भाराची बेरीज केली तर ते बसते : पंप साधारण १९०० वॅट, फ्रिज २००, पंखे ३७५, टीव्ही १००, दहा एलईडी दिवे ९०. पावणेतीन हजारांच्या आत. पण पंप सुरू होताना काय खेचतो, याचा हिशोब त्या पानावर कुठेच नाही. आमच्या विहिरींवरच्या सबमर्सिबल पंपांचा चालू प्रवाह ९ अँपिअर आहे आणि सुरू होतानाचा क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) ३८ पर्यंत गेला. आपल्या संचावरील पाटी सांगते : कमाल ५ केव्हीए, अखंड ४.२ केव्हीए. म्हणजे १८ अँपिअर. दुप्पट मागणी आल्यावर व्होल्टेज १५५ पर्यंत कोसळते. मोटरचे बळ व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे ते निम्म्याहून कमी उरते. पंप नुसता गुणगुणतो, ओव्हरलोड उडतो, आणि त्याच वेळी फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असेल तर तोही अडकतो. विक्रेत्याने एकाही घरात पंपाची पाटी वाचली नाही. फक्त 'किती खोल्या आहेत?' असे विचारले. खोल्यांवरून जनरेटर ठरत नाही, सर्वात मोठ्या मोटरवरून ठरतो. या पंपांसाठी ७.५ केव्हीएचा संच हवा होता आणि पंप आधी, बाकी भार मिनिटभराने, हा क्रम सांगायला हवा होता. पंप नसलेल्या घराला याच्या निम्म्या क्षमतेचा संचही पुरला असता आणि पेट्रोलही कमी लागले असते.

पेट्रोलचा मुद्दा इथे किरकोळ नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीतल्या कित्येक गावांची वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत वर सरकले. विनापरवाना घरी पेट्रोल ठेवण्याची कायदेशीर मर्यादा एकूण ३० लिटर आहे. दोन किलोवॅटच्या भाराला तासाला सव्वा लिटर धरले आणि दिवसात चार तास संच चालवला, तर हा साठा सहा दिवस टिकतो. म्हणून वादळानंतर संच दोन वेळा दोन-दोन तास चालवायचा, त्यातच टाकी भरायची, फ्रिज गार करून घ्यायचा, इन्व्हर्टर चार्ज करायचा आणि रात्र इन्व्हर्टरवर काढायची. आपली जाहिरात '२४ तास निश्चिंत' म्हणते आणि हा हिशोब ग्राहकापासून झाकून ठेवते.

सर्वात गंभीर तक्रार जोडणीची आहे. सहापैकी तीन घरांत आपल्या तंत्रज्ञाने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली : एक टोक जनरेटरला, दुसरे पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला. सूचना तोंडी : 'आधी मेन स्विच पाडा.' एखाद्या रात्री अंधारात, वाऱ्यापावसात घरातील कुणी मेन पाडायला विसरले, तर घरातली वीज उलट्या वाटेने वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर जाते आणि तिथे २३० व्होल्टचे ११ हजार होतात. वादळानंतर तुटलेल्या तारा हाताने जोडणारा लाइनमन ही लाइन मेलेली समजूनच खांबावर चढलेला असतो. शिवाय त्या वायरीची मोकळी पिन हातात आली तर ती उघडी, जिवंत असते. आणि मेन चालू असताना महावितरणची वीज परत आली, तर दोन्ही वीजप्रवाह एकमेकांना भिडून जनरेटरचे वाइंडिंग जळते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवणे हाच एक मार्ग आहे. त्याची किंमत संचाच्या किमतीपुढे काहीच नाही. आम्ही तिन्ही वायरी कापून टाकल्या आहेत.

अर्थिंगही केलेले नाही. या संचाचा न्यूट्रल कुठेच जमिनीला जोडलेला नाही, म्हणून टेस्टर दोन्ही वायरींवर मिणमिणतो. अशा स्थितीत गळतीचा प्रवाह परतायला वाटच नसते, त्यामुळे घरातील ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) जनरेटर चालू असताना शांत बसून राहतो. कायम जोडणी करताना न्यूट्रल आणि बॉडी दोन्हींचे अर्थिंग करणे हे बसवणाऱ्याचे काम आहे.

आणि संच कुठे ठेवायचा? विक्रेत्याच्या माणसांनी 'पावसात भिजेल' म्हणून चार घरांत तो मागच्या पडवीत ठेवला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पडवीतून तो माजघरात यायला दार लागत नाही, कौलांखालची फट पुरते. इशारा संचावर आहे, पण इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आम्ही आता सर्व संच खिडक्या-दारांपासून वीस फूट दूर, फूटभर उंच ओट्यावर, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या अशा ठेवले आहेत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा हा विक्रेत्याचा सल्लाही चुकीचा होता. आत दव धरते आणि गंज दुपटीने चढतो. सुती कापड टाकावे.

आमच्या मागण्या अशा :

चारही संच वॉरंटीत, कोणताही खर्च न घेता दुरुस्त व्हावेत. ज्या पाच घरांत दीड एचपीचे पंप आहेत, त्यांना ७.५ केव्हीएचा संच फक्त किमतीतला फरक आकारून बदलून मिळावा, कारण चुकीचे चित्र आपल्याच माहितीपत्रकावर आहे. सहाही घरांत डबल पोल चेंजओव्हर आणि अर्थिंग आपल्या खर्चाने बसवून त्याचा लेखी दाखला द्यावा.

किनारपट्टीसाठी मराठीत वेगळे देखभाल पत्रक काढावे. त्यात तासांऐवजी महिने असावेत. दर महिन्याला अर्धा तास, निदान एक तृतीयांश भारावर संच चालवणे. पाच मिनिटे चालवून बंद करू नये, कारण इंजिन तापत नाही आणि वाफेचे पाणी ऑइलमध्ये उतरून ते दुधाळ होते. तास भरोत न भरोत, ऑइल सहा महिन्यांनी आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नक्की बदलणे. स्टार्टरची बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करणे. एअर फिल्टर उघडून पाहणे, त्यात उंदीर घर करतात. स्लिप रिंग वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून साफ करून घेणे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार रत्नागिरी जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवू. खरेदीची बिले, संचांच्या पाट्यांची छायाचित्रे, मीटरचे वाचन आणि कापलेल्या तीन वायरी आमच्याकडे जपून ठेवल्या आहेत. जुना एव्हीआरही.

तंत्रज्ञ पाठवाल तेव्हा त्याच्याकडे क्लॅम्प मीटर, हर्ट्झ दाखवणारा मीटर आणि ५०० व्होल्टचा मेगर (वायरींचे इन्सुलेशन तपासणारा मीटर) असावा. मागच्या दोन्ही भेटींत त्याच्याकडे टेस्टर आणि पान्यांशिवाय काही नव्हते.

आपले,
सहा ग्राहक
(स्वाक्षऱ्या)
ता. दापोली, जि. रत्नागिरी