भूल देण्याआधीची भेट

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका रुग्णालयात आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. सर्जनशी आमचे तीनदा बोलणे झाले. भूलतज्ज्ञ बाई मात्र भेटल्या त्या स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी लागल्यावर. आईचा हात हातात घेऊन त्यांनी विचारले, "आजी, रात्री घोरता का?" आई लाजून नाही म्हणाली. मी मध्ये पडून सांगितले, खूप घोरते, मधूनच श्वासही अडकतो.

तो प्रश्न किती मोलाचा होता, हे नंतर कळले. पूर्ण भूल म्हणजे एक इंजेक्शन नव्हे. सेवोफ्लुरेनसारखी वाफ श्वासातून देऊन बेशुद्धी टिकवतात आणि जोडीला फेंटानिलसारखे अफूवर्गीय वेदनाशामक शिरेतून देतात. शुद्ध हरपली तरी सुरी लागताच नाडी आणि रक्तदाब उसळतात. ते फेंटानिल आवरते. त्यामुळे वाफही कमी पुरते. पण श्वास मंदावण्याचा गुण दोन्हींत आहे आणि वेदनाशामकाचा अंमल ऑपरेशननंतरही रेंगाळू शकतो. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. म्हणूनच आईच्या बोटाला रात्रभर ऑक्सिमीटर होता.

मी दाराशी नसतो तर? हे प्रश्न आदल्या दिवशीच, घरच्यांसमोर, मराठीतून विचारले गेले पाहिजेत. रोजच्या गोळ्या, तंबाखू, दारू, जुन्या भुलेचा त्रास, सगळे. आधी ठरलेल्या प्रत्येक ऑपरेशनसाठी ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णालयांनी भूलतज्ज्ञांची वेगळी ओपीडी ठेवावी आणि तिची वेळ सर्जनच्याच कागदावर लिहून द्यावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे