वरची खोली भाड्याने देताना

सातारा, मे महिना

चि. अभि यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरची तुझी खोली भाड्याने द्यायचं आम्ही ठरवलं आहे. बाबांनी परवा फोनवर सांगितलं तेव्हा तू एकदम गप्प झालास आणि मग म्हणालास, "पैसे कमी पडतायत का? मी वाढवून पाठवतो." तुला लागलं, हे आवाजावरून कळलं मला. अशा गोष्टी फोनवर नीट होत नाहीत. तू ऑफिसात असतोस, बाबा मध्येच आवाज चढवतात. म्हणून सगळं लिहून पाठवते. सावकाश वाच, सूनबाईलाही वाचायला दे.

पैसे आज कमी पडत नाहीत, पुढे पडतील. बाबांची ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन पहिल्या महिन्याला जेवढी आली तेवढीच आजही येते. तिला महागाई भत्ता नाही. ठेवींवरचं व्याज बँक ठरवेल तसं. औषधं, किराणा, घरपट्टी मात्र दरसाल चढतात. तू पाठवतोस त्यात भागतं, पण ते पैसे तुझ्या घराच्या हप्त्यातून ओढून काढलेले असतात, हे मला ठाऊक आहे. तुझं कर्ज लवकर फिटावं आणि आमचा रोजचा खर्च आमच्या घरातूनच निघावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. तू काही कमी केलंस असा याचा अर्थ काढू नकोस.

आता हिशेब. खोलीला स्वतंत्र बाथरूम आहे, जिना बाहेरून आहे, म्हणून ५००० रुपये भाडं सांगितलं. वर्षाचे ६०,००० दिसतात, पण मी ५५,०००च धरते. एक माणूस गेलं की दुसरं येईपर्यंत महिनाभर तरी खोली रिकामी राहणारच. पहिल्या वर्षी त्यातून खर्च जायचा आहे: गच्चीचं वॉटरप्रूफिंग १८,०००, रंग ६०००, गिझर ६५००, वायरिंग आणि सबमीटर (वरच्या खोलीपुरता वेगळा मीटर) ३५००, गादी-पडदे वगैरे ६०००. झाले ४०,०००. कराराच्या नोंदणीला आणि मशीन घेऊन घरी येणाऱ्या एजंटला मिळून अडीच हजार धर. म्हणजे पहिल्या वर्षी हातात राहणार साडेबारा हजार. दुसऱ्या वर्षापासून दुरुस्तीला पाच हजार आणि कराराला अडीच हजार बाजूला काढले, तर साडेसत्तेचाळीस हजार, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या जरा आतच. पाच हजारांची खोली खरी चार हजारांची असते, हे धरूनच आम्ही यात पडतोय.

बाबांचं म्हणणं, गच्चीचं काम कधीतरी करायचंच होतं, ते भाड्याच्या खात्यात टाकू नकोस. मी टाकलं. भाडेकरू येणार नसता तर आपण आणखी एक पावसाळा ढकलला असता, हे त्यांनाही माहीत आहे. पश्चिमेच्या भिंतीला, तुझ्या पलंगाच्या डोक्याशी, रंगाला फुगे आले होते. परवा बाबांनी पत्र्याच्या पट्टीने ते खरवडले तर खालचा गिलावा ओला भुगा होऊन हातात आला, तोही मे महिन्यात. साताऱ्याचा पाऊस तुला मी काय सांगू! बाथरूमचं दार तर दर श्रावणात फुगून चौकटीत अडकायचं. सुताराने खालच्या कडेला रंधा मारून दिला, आता ते सैल फिरतं. मृगाच्या आत गच्ची झाली पाहिजे, नाहीतर खोली दिवाळीपर्यंत देता यायची नाही. ज्या खोलीत मी तुला झोपू दिलं नसतं, तिचं भाडं मी घेणार नाही.

तुझी दुसरी काळजी: माणूस एकदा आत आलं की निघत नाही. तुझ्या आजीचीही हीच भीती होती आणि तिच्या काळात ती खरी होती. १९४७च्या भाडे कायद्यात भाडेकरूला हलवणं फार अवघड होतं, म्हणून लोक खोल्यांना कुलूप लावून ठेवायचे पण भाड्याने देत नसत. आता १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, करून जागा दिली असेल आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुपटीने मागता येते.

पण हे सगळं कागद असेल तरच. आपल्याकडे अजून सर्रास समजतात की अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली की झालं. महाराष्ट्रात तसं नाही. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. वाद झालाच तर राहणारा ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. बाबा म्हणत होते, राहायला येणारी मुलगी ओळखीतली आहे, कशाला कागद. मी ऐकलं नाही. ओळखीतल्या माणसाशीच कागद आधी हवा, म्हणजे नंतर बोलायची वेळ येत नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे आपल्या भाड्याला किरकोळच. नोंदणी शुल्क शहरात १००० रुपये. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून मशीनवर अंगठा आम्हा दोघांचाही लागेल. पोलीस ठाण्यात तिची माहितीही बाबा देणार आहेत.

डिपॉझिट तीन महिन्यांचं, १५,०००. ते खर्चायचं नाही. ते तिचे पैसे आहेत, आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेत. बँकेत वेगळी ठेव करून पावती कराराच्या फाइलला लावणार आहे. सोडून जाताना माणसाला डिपॉझिटसाठी चार हेलपाटे घालायला लावणारी घरं मी पाहिली आहेत, आपलं घर त्यातलं होऊ द्यायचं नाही. खोलीतल्या वस्तूंची यादी करारालाच जोडायची: पलंग, कपाट, पंखा, गिझर, आणि आरशाच्या कोपऱ्याला तडा आहे तोसुद्धा लिहायचा. कुणालाही सोडायचं झालं तर एक महिन्याची सूचना.

विजेचं जरा नीट बघ, कारण वर्षभर कटकट होते ती यावरूनच. आम्हा दोघांचं बिल शंभर युनिटच्या आत राहतं. महावितरणचा शंभरच्या वरचा दर खालच्यापेक्षा बराच चढा आहे. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तरी एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस. पावसाळ्यात सोलरचं पाणी तापतच नाही, तेव्हा गिझर लागणारच. मग ते वरच्या दराचे युनिट कुणाचे? तिच्यामुळे टप्पा ओलांडला म्हणून सगळा चढा दर तिच्या माथी मारणं मला पटत नाही, आणि सगळ्यात खालचा दर धरला तर आपल्याला तोटा. म्हणून असं ठरवलंय की एकूण बिलाला एकूण युनिटने भागायचं, जो दर येईल त्याने तिच्या सबमीटरचे युनिट मोजायचे, आणि बिल तिला दाखवायचं. पाण्याचे पैसे वेगळे घ्यायचे नाहीत. सकाळी नळ येतो तेव्हा टाकी भरून घ्यायची एवढंच.

कराचंही बघून घेतलं. घरभाड्याच्या उत्पन्नातून त्या भागाची भरलेली घरपट्टी आणि मग उरलेल्याच्या ३० टक्के रक्कम वजा होते, खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. बाबांचं सगळं मिळूनही कर बसत नाही. पण व्याजातून कर कापू नये म्हणून ते दर एप्रिलमध्ये बँकेत फॉर्म देतात, त्यातल्या उत्पन्नात आता हे भाडं धरायला हवं. भाडं रोखीने घ्यायचं नाही, खात्यावरच.

जेवणाचं मी स्पष्ट नाही म्हटलं. बाबांना वाटत होतं, दोघांचं होतंच आहे, तिसऱ्याच्या दोन पोळ्या, आणि वर तीन हजार मिळतील. दोन पोळ्यांचं मला काहीच नाही रे. पण पैसे घेऊन जेवण द्यायचं म्हणजे साडेआठला ताट तयार पाहिजे, माझं डोकं दुखत असो नाहीतर मावशीकडे हळदीकुंकू असो. गॅस, तेल, डाळ, भाजी यांचा खर्च लावला तर त्या तीन हजारांत माझ्या हातांचे पैसे जेमतेमच उरतात. इतकी वर्षं घरासाठी केलं ते आनंदाने केलं, आता या वयात खानावळ चालवायची नाही. वर इंडक्शनची शेगडी राहील. सणाला मात्र तिचं पान आपल्याकडे, ते हिशेबात नाही.

मुलगी वर्ध्याची, बँकेत आहे, बदली होऊन इथे आली. तिच्या वडिलांचा फोन आला होता, माणूस साधा वाटला. शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, आडनाव काय, कोणाच्यातली? मी सांगितलं, नोकरीचं ओळखपत्र आणि आधार पाहिलं, आधीच्या घरमालकांशी बोलले, मला तेवढं पुरे. खोली देताना जात विचारणं या गावाला तर अजिबात शोभत नाही. इथेच १९२४ साली कर्मवीर भाऊरावांनी बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ला गांधीजी आले तेव्हा त्याला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. आणि आपण पाच हजार घेऊन आडनावं चाळत बसायचं का?

"आई, तुम्हाला सोबतही होईल," असं सूनबाई म्हणाली. तिचा हेतू चांगला आहे, तिला माझा आशीर्वाद सांग. पण सोबत भाड्यात धरायची नसते. बाबांची साखर रात्री कमी झाली तर तिने धावावं, अशी अपेक्षा आम्ही ठेवणार नाही. धावली तर तिचा चांगुलपणा. त्यासाठी आपला डॉक्टर, रिक्षावाल्याचा नंबर आणि तुझा फोन हेच आधी. तसंच, ती किती वाजता येते आणि कोण भेटायला आलं याची चौकशी करायचा हक्कही भाड्यातून मिळत नाही. महिनाअखेर बँकेत उशीर होणारच. फाटकाची एक किल्ली तिच्याकडे, खोलीची दुसरी आपल्याकडे, पण तिला विचारल्याशिवाय ती वापरायची नाही. रात्री दहानंतर गच्चीत मोठ्याने बोलायचं नाही आणि पाहुणी मुक्कामाला येणार असेल तर आधी सांगायचं, एवढे दोनच नियम. बाबांना पहिला महिना हे जड जाईल, मी बघते त्यांच्याकडे.

दिवाळीत तुम्ही आलात की मधली खोली तुमची. तिथे पलंग सरकवून बघितला, तुम्ही तिघं नीट मावता.

आता तुझ्याकडून दोन कामं हवी आहेत. कराराचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तो ओळन्‌ओळ वाच. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा तो परिच्छेद मला मोघम वाटतो, तो नीट करून दे. आणि महिना संपायच्या आत एक रविवार काढून ये. कपाटात तुझी इंजिनिअरिंगची पुस्तकं, क्रिकेटचे पॅड आणि पत्रांचा तो निळा डबा आहे. डब्याला मी हात लावलेला नाही. काय न्यायचं आणि काय माळ्यावर टाकायचं ते तूच ठरव. खिडकीजवळचं टेबल खोलीबरोबर द्यावं असं मला वाटतं, तिला अजून बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत. तुझी हरकत असेल तर सांग, मग ते खाली आणवते आणि यादीतून काढते.

तुझी,
आई