मुलीस पत्र : राहण्यासाठी कॅटामरान निवडताना

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही बोटींचे आराखडे, छायाचित्रे आणि मोजमापांचे तक्ते मी सावकाश पाहिले. दोन्ही कॅटामरान, म्हणजे दोन समांतर हल (पाण्यात तरंगणारी लांबट अंगे) जोडून केलेल्या बोटी, १२ मीटर लांबीच्या आहेत, दोन्ही खुल्या समुद्रातील लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या आहेत, आणि तुम्हा दोघांना काही वर्षे बोटीवरच राहायचे असल्यामुळे दोन्हींचा विचार करणे रास्तच आहे. पहिली नवी आहे. तिच्यात चार खोल्या व चार स्वच्छतागृहे आहेत, आणि छतावर सुकाणूचे चाक व ऐसपैस बैठक आहे. दुसरी वीस वर्षांची, अरुंद हलांची आणि डॅगरबोर्ड (बोट बाजूला घसरू नये म्हणून हलातून खाली सोडता व वर उचलता येणाऱ्या फळ्या) असलेली आहे. तिचा एक अख्खा हल मालकाच्या वापरासाठी राखलेला आहे. तुझा कल पहिलीकडे आहे हे पत्राच्या सुरावरूनच कळले. माझा कल दुसरीकडे आहे, आणि त्याचे कारण बहुतांशी वजन हे आहे.

माहितीपत्रकात छापलेले वजन रिकाम्या बोटीचे असते, आणि रिकाम्या बोटीवर कोणी राहत नाही. टाक्यांत ६०० लिटर पाणी भरले की ६०० किलो झाले, ४०० लिटर डिझेलचे सुमारे ३४० किलो, नांगराच्या १० मिलिमीटर जाडीच्या ८० मीटर साखळीचे १८० किलोंच्या वर, आणि किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी तिच्या इंजिनासह आणखी दीडशे किलोंच्या आसपास. त्यावर बॅटऱ्या, सौर पॅनेल, खारे पाणी गोडे करणारे यंत्र, जीवरक्षक तराफा, सुटे भाग, हत्यारे, पुस्तके, कपडे, शिधा आणि तुम्ही दोघे. एवढ्यात दोन टन सहज भरतात, आणि हा हिशेब हात आखडून राहणाऱ्यांचा आहे. बोटीवर राहणाऱ्यांचे सामान दरवर्षी वाढतच जाते. ते कमी झाल्याचे मी तरी फारसे पाहिलेले नाही.

हे दोन टन बोटीला किती खाली बसवतील, हे तुला कागदावर पाच मिनिटांत काढता येईल. पहिल्या बोटीचा प्रत्येक हल पाणरेषेवर १.४५ मीटर रुंद आहे. दोन्ही टोकांकडे तो निमुळता होत जातो, म्हणून लांबी-रुंदीच्या गुणाकाराचा पाऊण भाग धरावा. दोन्ही हलांचे मिळून सुमारे २६ चौरस मीटर क्षेत्र येते, म्हणजे ती एक सेंटिमीटर बुडण्यासाठी साधारण २६५ किलो लागतात. दुसरीचा हल १.१ मीटरचा, त्यामुळे तिला दर सेंटिमीटरला २०० किलोच पुरतात. दोन टनांनी पहिली साडेसात सेंटिमीटर बसेल आणि दुसरी दहा. वरवर पाहता हा आकडा पहिलीच्या बाजूने जातो, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही: अरुंद हल वजन कमी सोसतो, आणि दुसरी बोट घेतलीत तर तुम्हाला सामानाच्या बाबतीत शिस्त पाळावीच लागेल.

पण बसण्याआधी कोणती बोट किती उंच उभी आहे, तेही पाहा. दोन हलांना जोडणारा जो तळ असतो, ज्याच्यावर बैठकीची खोली असते, त्या ब्रिजडेकची पाण्यापासूनची उंची पहिल्या बोटीत रिकामी असताना ६० सेंटिमीटर आहे आणि दुसरीत ७८. दोन टन चढल्यावर पहिलीत ५२ ते ५३ उरतात, दुसरीत ६८. हा फरक आराखड्यावर किरकोळ दिसतो. समुद्रात समोरून दीड-दोन मीटरची लाट यायला लागली की मात्र तोच सर्वांत मोठा होतो. ब्रिजडेक खाली असला की लाटेचा माथा त्याला खालून धडकतो, टेबलावरच्या वस्तू उडतात, जमिनीतून हादरा पायांत येतो, आणि हे दर काही सेकंदांनी, रात्रभर चालू राहते. त्यामुळे झोप होत नाही. झोप न झालेला माणूस हवामानाचा अंदाज चुकीचा वाचतो आणि शीड आखूड करण्याचे काम पुढे ढकलतो. बोटीच्या आतील आडव्या भिंतींचे सांधेही याच धक्क्यांनी हळूहळू सैल होतात. भरलेल्या बोटीत ही उंची एकूण लांबीच्या साडेपाच टक्क्यांहून कमी असू नये, असा माझा स्वतःचा दंडक आहे. तुमच्या १२ मीटरला तो ६६ सेंटिमीटर येतो. दुसरी बोट त्याच्या दोन सेंटिमीटर वर राहते, म्हणजे तुमच्या हाती फक्त ४०० किलोंची मोकळीक उरते. पहिली मात्र रिकामी असतानाच त्याच्या खाली आहे, आणि ती उणीव नंतर कशानेही भरून निघणार नाही.

चार खोल्यांची रचना का केली जाते, याचाही विचार कर. ती भाड्याने फिरवण्याच्या बोटींसाठी उत्तम आहे: आठ माणसे आठवडाभर येतात, रोज संध्याकाळी कुठल्यातरी खाडीत नांगर टाकतात, आणि प्रत्येक जोडप्याला आपले दार लावून घेता येते. वर्षभर राहणाऱ्या दोघांना चार स्वच्छतागृहांचे करायचे काय? चार पंप, चार टाक्या, आणि हलाला पाण्याखाली पाडलेली तितकीच जास्त छिद्रे, ज्यांतील प्रत्येकाचा झडप-नळ तुम्हालाच तपासत राहायचा आहे. उलट एका बाजूचा संपूर्ण हल एकाच खोलीला दिला की हत्यारांसाठी कामाचे टेबल, कपाटे आणि हवा खेळायला जागा मिळते. पाहुणे वर्षातून काही दिवस येतील. त्यांच्यासाठी एक खोली पुरे.

छतावरच्या सुकाणूबद्दल तू फारच उत्साहाने लिहिले आहेस. तिथून दृश्य छान दिसते, हे मान्य. पण त्या छतासाठी मुख्य शिडाचा खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, वर न्यावा लागतो. तो वर गेला की शीडही वर जाते, वाऱ्याचा दाब उंचावर पडतो, आणि शीड गोळा करायला तुम्हाला डेकपासून बऱ्याच उंचीवर चढावे लागते. रात्रीच्या पहाऱ्यावर असलेला माणूस खाली झोपलेल्या माणसापासून तुटतो, ते वेगळेच. तुम्ही दोघेच असणार आहात आणि पहारे एकेकट्याने द्यायचे आहेत, हे विसरू नकोस. दुसऱ्या बोटीत सुकाणू बैठकीच्या दाराशी आहे. पावसात आत सरकून काचेतून पुढे पाहता येते. मला तेच पटते.

आता स्थैर्याबद्दल, कारण तुझ्या पत्रात एक वाक्य आहे की कॅटामरान कलत नाही म्हणून ती अधिक सुरक्षित. ती कलत नाही हे बरोबर, पण त्यातच तिचा धोका आहे. एका हलाच्या शिडाच्या बोटीला खाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. वारा वाढला की ती कलते, शिडावरचा दाब आपोआप कमी होतो आणि डेकवर उभ्या माणसाला काहीतरी करायला हवे हे पायांनाच कळते. कॅटामरानचा सरळ राहण्याचा जोर तिच्या रुंदीतून येतो. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटू लागतो त्या सुमारास, म्हणजे अगदी थोड्या अंशांच्या कलण्यावर, तो आपल्या कमाल मर्यादेला पोहोचतो आणि त्यानंतर घटत जातो. शिवाय उलटी झालेली कॅटामरान आपोआप सरळ होत नाही. ती सहसा बुडत नाही, कारण तिच्यात शिशाचे वजन नसते आणि तिच्या भिंतींत बहुधा फोम किंवा बाल्सा लाकूड भरलेले असते. म्हणूनच हलांच्या बाजूला सुटकेच्या खिडक्या ठेवतात. त्या खिडक्यांची सीले आणि काचेतील बारीक तडे तपासून घे. युरोपीय नियमांप्रमाणे दोन्ही बोटी 'अ' वर्गाच्या आहेत, म्हणजे वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापावर ८ हून अधिक वारा आणि ४ मीटरहून अधिक लाक्षणिक लाट (सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी उंची) गृहीत धरून त्यांची तपासणी झाली आहे; पण तो दाखला बोटीच्या बांधणीचा असतो, ती चालवणाऱ्याच्या निर्णयांचा नव्हे.

म्हणून शीड आखूड करण्याचा निर्णय पायांवर न सोडता वारा मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर सोडायचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा २८ झाला की दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि असा झोत यायला एक काळा ढग पुरतो. वारा मागून असताना तर आणखीच फसवणूक होते: बाहेर २२ नॉट वाहत असताना बोट ८ नॉटने पळत असेल तर डेकवर जाणवतात १४, आणि सगळे शांत वाटत असताना काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळली की तोच वारा एकदम अंगावर येतो. प्रत्येक बोटीसाठी कोणत्या आकड्याला शिडाचा पहिला पट्टा गुंडाळून ते आखूड करायचे, कोणत्याला दुसरा, याचा तक्ता बांधणाऱ्याकडून मिळतो. तो सुकाणूशेजारी चिकटवून ठेवा, आणि रात्री त्याच्या एक पायरी आधीच शीड आखूड करा.

डॅगरबोर्डची तुला भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. पहिल्या बोटीखाली जोडलेल्या बुटक्या कण्यांचा मोठा गुण असा की ओहोटीला वाळूवर ती निवांत टेकवता येते, आणि सुकाणूची पाती व इंजिनांचे पंखे बचावतात. डॅगरबोर्ड खाली असताना खडकावर आदळला तर तो किंवा त्याची पेटी फुटू शकते, आणि पेटी हलातील जागाही खाते. मात्र वाऱ्याच्या विरुद्ध चढत जायचे असेल तर बुटक्या कण्यांची बोट बाजूला घसरत राहते, आणि जी वाट दिवसाउजेडी संपायची ती रात्रीवर जाते. बोर्ड वर उचलले की दुसरी बोट उथळ पाण्यातही शिरू शकेल. अरुंद हल लाटा कमी उठवतात, त्यामुळे हलक्या वाऱ्यातही ती चालत राहील आणि इंजिन कमी लावावे लागेल. हे गुपित नवे नाही: १८७६ मध्ये अमेरिकी बोट-रचनाकार नॅथॅनियल हेरशॉफ यांच्या 'ॲमॅरिलिस' या कॅटामरानने न्यूयॉर्कजवळच्या शर्यतीत इतरांना इतके मागे टाकले की तशा बोटींना शर्यतीतूनच वगळण्यात आले. आणि मोठा आकारच लागतो असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगते, ब्रिटिश कॅटामरान-रचनाकार जेम्स व्हॅरम यांनी १९५५-५६ च्या सुमारास सात मीटरच्या, स्वतः बांधलेल्या 'टांगारोआ'तून दोन सहकाऱ्यांसह अटलांटिक पार केला. तुम्ही तितके हाल सोसावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही.

इंजिनांबद्दल फार लिहीत नाही. दोन असल्याने धक्क्याला लावताना बोट जागच्या जागी फिरते आणि तेल-फिल्टरचे कामही दुप्पट होते. दुसऱ्या बोटीत सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची शक्ती हलाच्या तळातून थेट खाली पंख्याकडे नेणारे पाय, आहेत. हलातून ते जिथे बाहेर येतात तिथले रबरी पडदे ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात. मागील मालकाकडे त्याच्या तारखा नसतील तर ते बदललेलेच नाहीत असे समज. रुंदीची चौकशी मात्र आधीच करून ठेव: दोन्ही बोटी साडेसहा मीटरहून रुंद आहेत, आणि प्रत्येक बंदरात तेवढी जागा किंवा बोट उचलून बाहेर काढणारी तेवढी रुंद क्रेन असतेच असे नाही.

वीस वर्षांच्या बोटीचे खरे काम तपासणीत आहे. तपासनीस तुम्ही नेमा, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नका. डेकवर छोट्या हातोडीने ठोकत जाताना जिथे आवाज बद्द येतो तिथे फायबरग्लासचे थर आतल्या गाभ्यापासून सुटलेले असतात. बाल्सा असेल आणि त्यात पाणी शिरले असेल तर दुरुस्ती मोठी निघते, विशेषतः डेकवरच्या खुंट्या, खिडक्या आणि डोलकाठीच्या तारा जिथे जखडलेल्या असतात त्या जागी. डोलकाठीखालची भिंत, पुढची आडवी तुळई आणि डॅगरबोर्डच्या पेट्यांचे कोपरे यांना मी सर्वांत जास्त वेळ देईन. डोलकाठीच्या तारांचे वय विचार. बोट कलत नसल्यामुळे झोताचा सगळा ताण त्या तारांवर येतो; दहा-बारा वर्षे झाली असतील तर त्या बदलण्याचा खर्च बोटीच्या किमतीतच धर.

शेवटी बोट चालवून पाहण्याचा दिवस. विकणारा तुला शांत सकाळ देऊ करील. नम्रपणे नकार दे आणि पंधरा-वीस नॉट वारा व थोडी लाट असलेला दिवस माग. निघण्यापूर्वी पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या पूर्ण भरायला सांग, आणि धक्क्यावर, छोट्या होडीत बसून, ब्रिजडेकच्या सर्वांत खालच्या भागापासून पाण्यापर्यंतचे अंतर स्वतः पट्टीने मोज. छापील आकड्यावर विसंबू नकोस. मग समोरच्या लाटेत तासभर चालवा, त्यातला अर्धा तास तू बैठकीत आणि अर्धा तास झोपायच्या खोलीत आडवी पडून राहा. तुमचे स्वतःचे सामान अजून चढायचे असेल, म्हणून मोजलेल्या अंतरातून आणखी पाच सेंटिमीटर वजा कर, आणि जो आकडा उरेल तो मला कळव. तो ६६ च्या बराच खाली आला, तर या दुसऱ्या बोटीवरही मी अडून बसणार नाही. आपण तिसरी शोधू.

तुझी,
आई