गॅस भरला म्हणजे झालं का?

मा. संपादक,

नागपुरात मे महिना लागला की जुन्या गाड्यांचे एसी मान टाकतात आणि गॅरेजात ठरलेलं उत्तर मिळतं, "गॅस संपलाय, भरून टाकू." अहो, एसीचा गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? बंद सिस्टीम असते ती. जुन्या गाडीत ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी), होज (नळी), कंप्रेसरच्या सीलमधून थोडाफार झिरपतो हे खरंय, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर लीक आहे आणि तो शोधायलाच पाहिजे, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करा नाहीतर गॅसमध्ये चमकणारा रंग (डाय) टाकून यूव्ही लाइटखाली बघा.

त्याआधी फुकटातलं तर बघा. हवाच कमी येते? केबिन फिल्टर काढा, धुळीने गच्च असतो (काही जुन्या गाड्यांत तो नसतोच म्हणा). हायवेला गार आणि सिग्नलला गरम? मग बहुतेक कंडेन्सरचा (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) फॅन फिरत नाहीये किंवा त्या जाळीत माती-किडे अडकलेत. हीटरचा फ्लॅप नीट बंद होत नसेल तर कितीही गॅस भरा, गरम हवा मिसळत राहणारच.

आणि गॅस जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं, हे कुणी सांगत नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत लिहिलेलं असतं, तेवढाच वजन करून भरायचा. शिवाय जुन्या गाड्यांच्या एसीत सहसा असणारा आर-१३४ए गॅस हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त तापवणारा वायू, तो दरवर्षी हवेत सोडायचा कशाला? लीक टेस्ट केली का, किती ग्रॅम भरला, एवढं तरी गॅरेजवाल्यांनी बिलावर लिहून द्यावं.

— एक वाचक, नागपूर